संघटनेचे शिक्षक-मासिक हाती आले आहे. ते वाचले जावे यासाठी काय करावे?

नवा संपादक, विदर्भ

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. आमच्या जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षकांच्या संघटनेचे एक मासिक बऱ्याच वर्षांपासून निघते. यंदाच्या वार्षिक सभेत त्याच्या संपादनाची जबाबदारी माझ्याकडे सोपविण्यात आली. अंकाची वर्गणी सभासदत्वाच्या शुल्कातच धरलेली असल्याने प्रत्येक सभासदाला अंक मिळतो, पण तो वाचला जातो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. अनेक शाळांत अंकांचा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या कार्यालयात येतो आणि वेष्टनासह कपाटावर जातो. मागील अंक चाळले तेव्हा त्याचे कारणही दिसले. अध्यक्षांचे मनोगत, शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन देतानाची छायाचित्रे, सत्कारांचे वृत्तान्त, शासन निर्णयांच्या जशाच्या तशा प्रती, दोन-तीन कविता आणि उरलेल्या जागेत थोरांची वचने, एवढाच त्यांतील ऐवज आहे. वर्गात आम्ही दिवसभर जे करतो त्याचा मागमूस त्यात नाही.

मला हे मासिक शिक्षकी पेशाचे करायचे आहे, म्हणजे एका शिक्षकाने काय शिकवले, कसे शिकवले आणि कुठे अडले हे दुसऱ्या शिक्षकाला त्यातून कळावे. अडचण अशी की लेखांसाठी आवाहन केले तर कोणी लिहीत नाही आणि जे लिहितात ते भाषण लिहितात. दुसरीकडे, खर्च वाचविण्यासाठी मासिकाचे त्रैमासिक करावे असा कार्यकारिणीतील काहींचा आग्रह आहे. तरुण सभासद म्हणतात की छपाईच बंद करून पीडीएफ पाठवावी. शेजारच्या शहरातील काही प्राध्यापकांनी शोधनिबंध देऊ केले आहेत, मात्र त्यांना आयएसएसएन क्रमांक आणि प्रकाशनाचे प्रमाणपत्र हवे आहे. ज्यांनी असे नियतकालिक प्रत्यक्ष चालवले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त मुख्याध्यापक व माजी संपादक, सातारा

सर, आपल्या प्रश्नांपैकी लेखांचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो सुटला तर बाकीच्यांना अर्थ आहे.

शिक्षक लिहीत नाहीत हे खरे आहे, पण त्याचा दोष बहुतेक वेळा आवाहनाच्या शब्दरचनेत असतो. ‘सभासदांनी आपले शैक्षणिक लेख पाठवावेत’ असे छापले की लेख म्हणजे काहीतरी भारदस्त असते अशी समजूत होऊन ‘शिक्षण ही अखंड चालणारी प्रक्रिया आहे’ या वाक्याने सुरू होणारे, दुसऱ्या परिच्छेदात साने गुरुजींना आणि तिसऱ्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला वंदन करून संपणारे मजकूर येऊ लागतात. त्याऐवजी एकच अरुंद प्रश्न विचारावा आणि तो ठरावीक चार-पाच जणांनाच विचारावा. उदाहरणार्थ, सहावीत पूर्णांक संख्यांची वजाबाकी शिकवताना उणे तीनमधून उणे पाच वजा केले की कितीतरी मुले उणे आठ लिहितात. आपल्या वर्गात किती मुलांनी तसे लिहिले, त्यांनी त्याचे काय कारण सांगितले, आपण पुढे काय केले आणि त्यानंतरही कोणाला ते उमगले नाही, एवढेच दोन पानांत लिहून द्या असे म्हटले तर गणिताचा कोणताही शिक्षक लिहू शकतो. तीन शाळांतील तीन शिक्षकांची उत्तरे शेजारी शेजारी छापली, त्यात एकाने संख्यारेषा वापरलेली, दुसऱ्याने उधारी-जमेचा हिशेब मांडलेला आणि तिसऱ्याने नियमच पाठ करून घेतलेला असला, की वाचणारा आपोआप चौथा होतो आणि आपली पद्धत कळवतो. त्याचे पत्र पुढच्या अंकात छापावे. वाचकांच्या पत्रांचे पान रिकामे राहणाऱ्या मासिकाला वाचक नाहीत, केवळ पत्ते आहेत, हे माझे जुने मत आहे.

दुसरी गोष्ट संपादनाची. संपादक म्हणजे अंक जुळवणारा, अशी आपल्याकडे समजूत आहे. आलेल्या मजकुराचे पहिले दोन परिच्छेद कापले की बहुधा लेख तिसऱ्या परिच्छेदापासून चांगला सुरू होतो, हे मी आग्रहाने सांगेन. मात्र कापलेला लेख छापण्यापूर्वी लेखकाकडे परत पाठवणे, ‘इथे मुलांनी प्रतिसाद दिला असे लिहिले आहे, म्हणजे नेमके काय म्हणाली?’ असे समासात विचारणे आणि त्याच्या संमतीनेच अंतिम प्रत करणे हे संपादकाचे कर्तव्य आहे. यात वेळ जातो. म्हणून दर महिन्याला एक-दोनच लेख अशा रीतीने घडवावेत; बाकीचा अंक हलका असला तरी चालतो. मुलांच्या वह्यांतील उत्तरांची छायाचित्रे जरूर छापावीत, कारण शिक्षक सर्वांत आधी तीच पाहतो. पण मुलाचे नाव, हजेरी क्रमांक आणि घरची परिस्थिती छापू नये. ‘वडील व्यसनी असल्याने मागे पडलेला’ अशी ओळख सद्भावनेने लिहिली जाते आणि तो अंक त्याच गावात जातो.

अपयशाचे लेख मिळणे सर्वांत कठीण. ज्याला पुरस्काराची अपेक्षा आहे तो फसलेला प्रयोग लिहिणार नाही, म्हणून ‘आदर्श उपक्रम’ हे सदर असल्यास त्याचे नाव तरी बदला. आपल्याकडे उपक्रम म्हटला की तो शंभर टक्के यशस्वीच होतो, आणि असे शंभर टक्के वाचून कोणाच्याही वर्गात काही बदलत नाही.

परंपरेचा आधार हवा असेल तर तो आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघाली आणि तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. बालशिक्षणासारखा त्या काळी नवखा विषय शिक्षक आणि पालक यांच्यापर्यंत नेण्याचे काम तिने केले. त्याही आधी, १८६१ मध्ये सुरू झालेले शालापत्रक कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि नंतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी चालवले. त्यातील टीका आश्रय देणाऱ्या सरकारला रुचली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. पैसा आणि आश्रय देणाऱ्याशी संपादकाचा संबंध हा प्रश्न आपल्याकडे शिक्षकांच्या नियतकालिकांच्या जन्मापासूनचाच आहे. म्हणून कार्यकारिणीकडून एक ठराव आताच, संबंध गोड असताना, लेखी करून घ्या: संघटनेच्या वृत्तासाठी अमुक पृष्ठे, त्यात संपादक ढवळाढवळ करणार नाही, उरलेल्या पृष्ठांत काय छापायचे ते संपादक मंडळ ठरवेल, त्यात पदाधिकारी ढवळाढवळ करणार नाहीत.

जिल्हा संघटनेचा कार्यवाह, मराठवाडा

वरील प्रतिसादाबद्दल पूर्ण आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. मासिकाचा खर्च सभासद देतो आणि सभासद संघटनेत सेवाविषयक संरक्षणासाठी येतो, अध्यापनशास्त्रासाठी नव्हे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्या, जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नसलेल्या शिक्षकाला निवृत्तिवेतनाबद्दल जी धास्ती आहे, ती ज्याने जवळून पाहिली आहे तो सेवाविषयक पृष्ठांना हलके लेखणार नाही. आमच्या अंकात वेतननिश्चिती, वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी आणि रजा यांवरील प्रश्नोत्तरांचे सदर आहे. अंक हाती पडल्यावर बहुतेक जण ते पान आधी उघडतात, हे मी शाळाभेटींत पाहतो.

मात्र नव्या संपादकांची एक तक्रार मला मान्य आहे. शासन निर्णयाची प्रत जशीच्या तशी छापण्यात आता काही अर्थ उरलेला नाही, कारण निर्णय संकेतस्थळावर आला की त्याच सायंकाळी व्हॉट्सॲपवर सर्वांकडे पोहोचतो आणि आपला अंक तीन आठवड्यांनी येतो. मासिकाने जे करावे ते व्हॉट्सॲपवर होत नाही, ते म्हणजे उलगडा. सर्वोच्च न्यायालयाचा शिक्षक पात्रता परीक्षेबाबतचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल घ्या. तो आल्याबरोबर ‘सर्वांच्या नोकऱ्या जाणार’ असे संदेश फिरू लागले. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना सेवेत राहता येईल पण परीक्षेशिवाय पदोन्नती मिळणार नाही, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे लागेल आणि अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला आहे, एवढे तीन भाग सुटे करून सांगणारे दोन पानांचे टिपण हवे होते. तसेच १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाचे. आपल्या शाळेची पटसंख्या समोर ठेवून किती पदे मान्य होतात हे एखाद्या काल्पनिक शाळेचे उदाहरण घेऊन दाखवले, तर तो अंक कपाटावर जात नाही. असे टिपण एखाद्या जाणकार वकिलाकडून किंवा निवृत्त लेखाधिकाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नये, कारण छापील चुकीच्या आधारावर कोणी अर्ज करून बसतो.

सत्काराच्या छायाचित्रांबद्दल मी गप्प राहतो. ती अंकातून वगळली तर आमच्याकडे निषेधाची सभाच भरेल.

नियतकालिकाच्या व्यवस्थापनातील एक, पुणे

त्रैमासिक करण्याचा ठराव मंजूर होण्यापूर्वी टपालाचा हिशेब मांडा, अशी विनंती आहे. नोंदणीकृत वृत्तपत्र म्हणून टपालात मिळणारी सवलत १८९८ च्या टपाल कायद्यात दोन अटींवर होती: दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा अधिक अंतर नसावे आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. द्वैमासिके आणि त्रैमासिके त्यामुळे या सवलतीबाहेर राहत आणि त्यांना दर प्रतीमागे कितीतरी अधिक टपालखर्च येई. आता २०२३ चा नवा टपाल कायदा लागू झाला आहे, तेव्हा आपली टपाल नोंदणी ज्या कार्यालयात आहे तेथील चालू दर आणि अटी लेखी घ्या आणि मग बारा हलके अंक स्वस्त की चार जाड अंक स्वस्त हे ठरवा. छपाईत वाचलेला पैसा टपालात गेल्याची उदाहरणे आहेत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या टपाल कार्यालयातूनच अंक टाकण्याची शिस्त अनेकांना जाचक वाटते, पण अंक वेळेवर निघण्याचे श्रेय बऱ्याचदा संपादकापेक्षा त्या तारखेलाच असते.

वजनही पाहा. साधारण १८ बाय २४ सेंटिमीटर आकाराच्या अंकाची ३२ पृष्ठे म्हणजे सोळा पाने. ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर त्यांचे वजन सुमारे ४८ ग्रॅम आणि १३० जीएसएमच्या मुखपृष्ठाचे ११ ग्रॅम, म्हणजे अंक ६० ग्रॅमच्या घरात जातो. टपालाचे दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे कागद बदलताना छापखान्याच्या नमुन्यावर विसंबू नका, कोऱ्या पानांची प्रत बांधून तराजूवर ठेवा. पृष्ठसंख्याही सोळाच्या फॉर्मच्या (छापखान्यात एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पृष्ठांच्या) पटीत ठेवा, फार तर अर्धा फॉर्म जोडा. मनोगत लांबले म्हणून चार पृष्ठे वाढवणे हा सर्वांत महागडा मजकूर ठरतो.

आजीव वर्गणी घेतली असल्यास तिच्याकडे आज पाहून घ्या. मराठी नियतकालिकांनी अडचणीच्या काळात ही वर्गणी घेतली, ती रक्कम त्याच वर्षीच्या कागदात खर्च झाली आणि पुढे दशकानुदशके त्या वर्गणीदारांना अंक पाठवण्याचे बंधन मात्र राहिले. नव्याने घ्यायचीच असेल तर मुदत दहा वर्षांची ठेवा आणि रक्कम मुदत ठेवीत ठेवून व्याजच वापरा. अंक शाळेऐवजी घरच्या पत्त्यावर पाठवा. शाळेच्या पत्त्यावर गेलेला अंक बदली झालेल्या शिक्षकाच्या नावाने वर्षानुवर्षे जात राहतो आणि आपली यादी फुगलेली दिसते.

नोंदणीबाबत एक सूचना. १८६७ चा जुना कायदा जाऊन वृत्तपत्रे व नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे आणि सर्व कामकाज प्रेस सेवा पोर्टलवर होते. संपादक बदलले आहेत, तेव्हा केवळ अंकातील नाव बदलून भागणार नाही. नोंदणीतील तपशीलही बदलून घ्या. त्रैमासिक केल्यास तोही बदल नोंदवावा लागेल. छापील मासिकाच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही, छापील जाहिरातीच्या जागेवर मात्र पाच टक्के आहे. संघटनेची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपलीकडे असल्यास लेखापरीक्षकांना विचारा. जाहिरातींत शिक्षकांच्या पतसंस्था सर्वांत भरवशाच्या, निदान वार्षिक अहवालाच्या महिन्यात. मार्गदर्शक पुस्तकांच्या प्रकाशकांच्या जाहिराती घ्यायच्या की नाही हा प्रश्न मी आपल्यावर सोडतो, परंतु ज्या अंकात त्यांच्या पुस्तकाचे परीक्षण आहे त्या अंकात तरी घेऊ नका.

अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापिका, मुंबई

शोधनिबंधांविषयी माझ्याच व्यवसायबंधूंच्या विरोधात लिहावे लागत आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे. भारतात तो नवी दिल्ली येथील सीएसआयआर-निस्पर या संस्थेतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो आणि त्याचा मजकुराच्या दर्जाशी कोणताही संबंध नाही. तरीही ‘आयएसएसएन असलेले’ हे विशेषण दर्जाचे प्रमाणपत्र म्हणून मिरवले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि त्यानंतर शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यावर उपाय म्हणून आलेली मान्य नियतकालिकांची केअर यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पीएच.डी. च्या २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्तीही राहिलेली नाही. तरीही सवय गेलेली नाही आणि ज्यांना गुण हवे आहेत ते आता जिल्हा संघटनांच्या मासिकांकडे वळत आहेत.

सर, आपण एक निबंध स्वीकारलात की आठ येतील. त्यांची शीर्षके ‘अमुक तालुक्यातील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांच्या तमुक विषयातील संपादणुकीचा अभ्यास’ अशीच असतील आणि त्यातील एकही आपला वाचक पूर्ण वाचणार नाही. संशोधनाला आपल्या मासिकात जागा असावी, पण वेगळ्या रूपात. ज्याने तो अभ्यास केला त्याला म्हणा की शिक्षकाला उद्याच्या तासाला उपयोगी पडेल ते हजार शब्दांत लिहा, तक्ते वगळा, कोणत्या शाळांतील किती मुलांवर ते आधारलेले आहे आणि त्यावरून काय म्हणता येत नाही हे सांगा. जे तयार होतील त्यांना मानधन द्या. जे प्रमाणपत्राशिवाय तयार होणार नाहीत त्यांची ओळख आपल्याला तिथेच पटेल. प्रकाशन शुल्क मात्र एकदाही घेऊ नका. घेतले की नाकारण्याचा अधिकार गेला.

पालकनीती आणि शैक्षणिक संदर्भ यांचे जुने अंक संपादक मंडळाने एकत्र बसून वाचावेत असेही सुचवते. त्यांचा वाचकवर्ग वेगळा आहे, एक पालकांसाठी निघते आणि दुसऱ्याचा भर विज्ञान व शिक्षणावर आहे. पण क्लिष्ट विषय शिक्षकाला कमीपणा न वाटू देता मराठीत कसा मांडावा हे तेथे दिसते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे जीवन शिक्षण आणि राज्य मंडळाचे शिक्षण संक्रमण ही शासकीय नियतकालिके जे देतात ते आपण पुन्हा देण्याचे कारण नाही. धोरण वर्गात उतरल्यावर त्याचे काय होते, हे सांगण्याची मोकळीक आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक आहे.

नवा संपादक, विदर्भ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवड्याभरात कार्यकारिणीची सभा आहे, तिच्यात पृष्ठवाटपाचा ठराव आणि टपालाचा हिशेब दोन्ही मांडतो. शोधनिबंधांना नम्र नकार कळवला आहे. सेवाविषयक प्रश्नोत्तरांचे सदर ठेवावे हे पटले. त्यासाठी एक निवृत्त अधीक्षक तयार झाले आहेत.

दोन शंका राहिल्या. मी अनुदानित शाळेत सेवेत आहे आणि संपादक मंडळात जिल्हा परिषदेच्या शाळांतील दोन शिक्षक घ्यावयाचे आहेत. आम्हाला परवानगी लागेल का? आणि पीडीएफचे काय करावे?

निवृत्त मुख्याध्यापक व माजी संपादक, सातारा

परवानगी अवश्य घ्यावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणेच त्यांचाही रोख असा आहे की पूर्वपरवानगीशिवाय नियतकालिकाच्या संपादनात किंवा व्यवस्थापनात भाग घेऊ नये आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू नये. निव्वळ वाङ्मयीन वा शास्त्रीय लेखनाला सवलत असते. संपादक म्हणून नाव छापणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या दोघांनी आपापल्या कार्यालयात अर्ज करून उत्तर हाती आल्यावरच नाव द्यावे, तोवर त्यांच्याकडून लेख घ्यावेत. आपण संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत संघटनेच्या दप्तरात ठेवा. धोरणावर टीका करणारा लेख आलाच तर तो निवृत्त शिक्षकाकडून किंवा संघटनेच्या ठरावाच्या रूपाने यावा, कारण एखाद्या सेवेतील शिक्षकाला आपल्या अंकामुळे नोटीस आली तर पुढील पाच वर्षे त्या तालुक्यातून कोणी लिहिणार नाही.

नियतकालिकाच्या व्यवस्थापनातील एक, पुणे

पीडीएफ छापील अंकाच्या जागी नको, पाठोपाठ हवी. छापील अंक पोहोचल्यानंतर पंधरा दिवसांनी ती संकेतस्थळावर ठेवा आणि व्हॉट्सॲपवर संपूर्ण अंक न पाठवता एकेक लेख पाठवा. चाळीस पृष्ठांची धारिका कोणी उघडत नाही, दोन पृष्ठांचा लेख उघडतात. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून घ्या. जुन्या टंकातील पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, आणि ‘पूर्णांक’ असे शोधणाऱ्या शिक्षकाला आपला लेख सापडलाच नाही तर तो जपून ठेवण्यात काही हशील नाही. छापखाना जुन्या टंकाचाच आग्रह धरत असेल तर करारातच लिहून घ्या की अंतिम मजकुराची युनिकोड प्रत प्रत्येक अंकासोबत संघटनेला मिळेल. जुने अंक स्कॅन करण्यापूर्वी लेखकांची संमती घ्यायला विसरू नका. अनेकांचे वारस आनंदाने देतात, फक्त विचारावे लागते.